बावीस मापाची फस्ती

“माझं तोंड एवढंच?”

राजूमालकांनी टी-शर्ट खिडकीपाशी नेला, दोन्ही हातांनी ताणून धरला आणि स्वतःच्या फोटोवर बोट ठेवलं. फोटो बोटाखाली अख्खा झाकला गेला. ते त्यांना फारच लागलं.

“मालक, टी-शर्ट फस्तीचा आहे ना,” मी म्हणालो. “म्हणून शेळी मोठी घेतली. तुमचा फोटो खाली कोपऱ्यात, सौजन्य म्हणून.”

“शेळी कुणाची बे?”

“होटकरबाईंची.”

“आणि संस्था कुणाची?”

संस्थेचे सचिव ढवण सर शेजारीच बसले होते. ते घाईघाईनं म्हणाले, “तुलनाच नको मालक. शेळी शेळीच्या जागी, आपण आपल्या जागी.”

“मग माझी जागा एवढीशी का?”

ढवण सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मालकांना देवानं लहान तोंड दिलं ते मीच सांगून ठेवलं होतं.

ही गोष्ट सोलापूरची, सहा-सात वर्षांपूर्वीची. ज्ञानकळस शिक्षण संस्थेचं ऑफिस. राजूमालक म्हणजे राजशेखर कळसगोंडे, संस्थेचे अध्यक्ष. त्यांचे वडील मोठे मालक, त्यांनी संस्था काढली. ते गेले आणि खुर्ची, गाडी, भिंतीवरचा फेट्यातला फोटो असं सगळं राजूमालकांकडे आलं. फोटो तेवढा बदलला. फेटा तोच.

आणि फस्ती म्हणजे एका पुस्तकातली शेळी. ह्याच संस्थेच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या होटकरबाईंनी ती लिहिली आणि चित्रंही स्वतःच काढली. आमच्या गावात पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही बाईसमोर नुसतं ‘फस्ती’ म्हणा, ती एकदम शाळकरी पोरीसारखी दिसायला लागते. त्या पुस्तकाला पन्नास वर्षं झाली म्हणून संस्थेनं सोहळा ठेवला होता. सोहळ्याला सगळ्या पोरांच्या अंगात फस्तीचा पिवळा टी-शर्ट. तो छापायला मी. पुरुषोत्तम येमूल, साखर पेठ, घराच्या मागच्या खोलीत.

त्या खोलीत आधी आमच्या वडलांचे माग होते. ते गेले, माग विकले, मी तिथं छपाईचं टेबल टाकलं. शिकलो कुणाकडं नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, जाळीची फ्रेम फाडायची, परत बघायचे. गणपती मंडळाचे टी-शर्ट, टेनिस बॉल क्रिकेटचे टी-शर्ट, निवडणुकीला दोन्ही पार्ट्यांचे टी-शर्ट. एका पार्टीचे वाळत असताना दुसऱ्या पार्टीचा माणूस आला तर अम्मा त्यावर चादर टाकायची.

पण चाकणला असलेला माझा भाऊ सत्यम, त्याला हे पटत नव्हतं. त्यानं तिकडं कंपनीत माझ्यासाठी बोलून ठेवलं होतं. “टेबल विक आणि ये,” एवढंच त्याचं रोजचं. शेवटी मी म्हणालो, संस्थेचं हे काम होऊ दे. ढवण सरांनी शब्द दिला होता की हे जमलं तर वर्षभराचं सगळं छापकाम माझ्याकडं. स्पोर्ट्सचे टी-शर्ट, गॅदरिंग, पिशव्या, बॅनर. मिळालं तर मी राहतो, नाही मिळालं तर येतो. सत्यम म्हणाला, ठरलं. अम्मानं टेबलावरचा फडका धुवून वाळत घातला.

म्हणून मी राजूमालकांसमोर उभा राहून त्यांच्या तोंडाच्या मापाबद्दल एवढं मनापासून ऐकत होतो.

“किती मोठा करू मालक?”

त्यांनी पंजा पसरून शेळीच्या शेजारी ठेवला. “वीतभर. आणि फेट्यातला घे.”

“आणि खाली संदेश पाहिजे,” ढवण सर म्हणाले. “फस्तीचा संदेश. शिस्त आणि स्वच्छता.”

“फस्ती शिस्तीची होती का सर?” मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं. मी तेलुगू शाळेत शिकलेला, आमच्याकडं फस्ती नव्हती.

“म्हणजे काय! आम्ही तिच्यावरच वाढलो. सकाळी लवकर उठायची, अंगण झाडायची...”

“झाडायची नाही, शाळेत जायची,” राजूमालक म्हणाले. “गळ्यात पाटी असायची. मला अजून आठवतं.”

“बरोबर. झाडून मग शाळेत.”

“पुस्तक मिळालं असतं तर चित्र नीट काढता आलं असतं,” मी म्हणालो. “नमुन्याला मी साधीच शेळी काढलीय.”

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. शाळेच्या लायब्ररीत प्रत नव्हती. दुकानात तर कधीच नव्हती. मोठ्या मालकांच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं, त्यात असतील म्हणे, पण त्याची किल्ली मोठे मालक गेल्यापासून सापडत नव्हती.

“एक काम कर,” ढवण सर म्हणाले. “बाई जिवंत आहेत. त्यांनाच जाऊन विचार.”

ज्यांचा सोहळा होता त्यांना विचारायचं, ही कल्पना सरांना अशी शेवटी सुचली.

*

होटकरबाई दत्त चौकाजवळ एका जुन्या चाळीत एकट्या राहायच्या. ऐंशी पार केलेल्या. बारीक, ताठ, आणि नजर अशी की मी आत गेल्या गेल्या शर्टाचं तुटलेलं बटण हातानं झाकलं.

“दिसलं ते,” बाई म्हणाल्या. “बस. काय आणलंयस?”

मी नमुन्याचा टी-शर्ट पसरला. बाईंनी चष्मा पुसला, बघितलं.

“ही कोण?”

“फस्ती.”

“ही? ही तर पंगतीत बसलेल्या पाहुण्यासारखी दिसते. तोंड मिटून, कधी वाढतात म्हणून वाट बघत.” त्यांनी शेळीच्या तोंडावर टिचकी मारली. “माझ्या फस्तीचं तोंड कधी मिटलेलं नसतं. मान खाली, तोंड उघडं, वरचे-खालचे दात दिसले पाहिजेत.”

“शेळीला वरचे पुढचे दात नसतात ना बाई?”

“माझ्या शेळीला आहेत. लागतात तिला.”

त्या उठल्या, ट्रंकेतून एक पातळसं पुस्तक काढलं. कडा पिवळ्या पडलेल्या. घरी नेऊ देणार नाही म्हणाल्या, इथंच बसून बघ. मी पहिली गोष्ट वाचायला लागलो.

गोष्ट साधीच. गावचा पाटील झाडाखाली फेटा काढून ठेवतो आणि झोपतो. फस्ती येते, फेट्याचं टोक तोंडात धरते आणि बसल्या बसल्या अख्खा फेटा फस्त करते. पाटील उठतो. सगळं गाव गोळा करतो. माझा फेटा कुणी नेला? कुणी बोलत नाही. शेवटी फस्तीला विचारतो. फस्ती चघळत चघळत म्हणते, “वाऱ्यानं नेला असेल.”

पुढच्या गोष्टीत साहेबाचा टेबलावरचा कागद खाते. मग सावकाराची जाहिरात. मग शेजारणीनं मिरवायला आणलेली शाल. प्रत्येक गोष्टीचा शेवट तोच. वाऱ्यानं नेली असेल.

मी हसायला लागलो. मग मला ढवण सरांचा संदेश आठवला आणि जास्तच हसू आलं.

“काय झालं?”

“सर म्हणाले फस्ती अंगण झाडते.”

“झाडते की. एका अर्थी.” बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “त्या मुलांच्या शाळेतल्यांना काय माहीत. मी मुलींना सांगायची. शनिवारी शिवणाच्या तासाला. हात चालू, कान माझ्याकडं.”

“आणि पुस्तक?”

“पुस्तक निघालं तेव्हा मोठ्या मालकांनी सगळ्या प्रती एकदम विकत घेतल्या. सगळ्या.” बाईंनी पुस्तकाची पिवळी कड बोटानं सरळ केली. “मला वाटलं, केवढं हे कौतुक.”

मी मोबाईलवर फस्तीचे फोटो काढले. निघताना राजूमालकांच्या फोटोबद्दल सांगितलं, वीतभर, फेट्यातला. मला वाटलं बाई चिडतील. त्या म्हणाल्या, “फेट्यातला? असू दे की. कुठं बसवणारेस?”

“शेळीच्या खाली, उजव्या अंगाला.”

“हं. लहानात लहान माप कुठलं?”

“बावीस. बालवाडीतल्या पोरांचं.”

“आहे का पिशवीत?”

होतं. बाईंनी बावीसचा टी-शर्ट मांडीवर घेतला, त्याच्यावर एकदा वीत ठेवली, मग शेजारी परत वीत ठेवली, आणि घडी घालून परत दिला. इतकी सुंदर घडी मी आयुष्यात बघितली नव्हती.

“एक लक्षात ठेव,” त्या म्हणाल्या. “फस्ती लहान करायची नाही. कुठल्याच मापाला नाही. माझं एवढंच मागणं. सांग त्यांना.”

सांगितलं. राजूमालक म्हणाले, मोठ्या लोकांच्या अटी ऐकाव्या लागतात. मोठा नमुना मंजूर झाला. वर फस्ती, मान खाली, तोंड उघडं. खाली उजवीकडं फेट्यातले मालक, नमस्कार करत. मधे चांगली चार बोटं जागा. तळाला ‘शिस्त आणि स्वच्छता’. मोठ्या मापावर हे सगळं ऐसपैस बसत होतं. शेळी मालकांच्या दिशेनं बघतेय, मालक लोकांच्या दिशेनं बघतायत, असं काहीतरी.

*

आमच्याकडं दोन फ्रेमी असतात. एका फ्रेमीत मालकांचा फोटो, दुसऱ्या फ्रेमीत शेळी. आधी फोटो छापायचा, मग त्यावर शेळीच्या काळ्या रेषा, म्हणजे रेषा ठसठशीत उठतात. मी रबरानं शाई ओढायचो, अम्मा टी-शर्ट टेबलावर चढवायची, उतरवायची, दोरीवर टाकायची. मोठी मापं मस्त झाली. मग अम्मानं बावीसचा टी-शर्ट चढवला आणि हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

“पुरू, ह्याच्यात मावत नाही रा.”

नव्हतंच मावत. शेळी वीतभर, मालक वीतभर, आणि टी-शर्टच जेमतेम दीड वीत. दोन्ही बसवायचे म्हणजे एकमेकांवर चढणार. साधा उपाय होता. लहान मापाला वेगळी फ्रेम करायची, सगळंच थोडं लहान घ्यायचं. सगळे तसंच करतात. मी मालकांना फोन लावला.

“मालक, बालवाडीच्या मापाला फोटो लहान करायला लागेल.”

“का?”

“जागा नाही.”

“म्हणजे लहान पोरांनी मला लहान बघायचं? ह्याच वयात मनावर ठसतं बे. फोटो तेवढाच.”

बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, “लहान करायची नाही असं मी काय गंमत म्हणून सांगितलं? मावत नसेल तर सरकवा. कापड कमी पडलं म्हणून कुणी बाही छाटत नाही.”

परत मालकांना. “मालक, बाई शेळी लहान करू देत नाहीत. मग दोन्ही एकमेकांना खेटतील.”

“मग खेटू दे की!” मालक म्हणाले. मागं कुठंतरी सत्काराच्या टाळ्या चालू होत्या. “जवळ घे दोघांना. उलट बरंय. फस्तीची आणि माझी जवळीक दिसली पाहिजे.”

मी फोन ठेवला. फोटो छापला. त्यावर शेळी छापली. फ्रेम उचलली.

अम्मानं वाकून बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

फस्तीनं राजूमालकांचा फेटा तोंडात धरला होता. नुसता धरला नव्हता. वरचे दात फेट्याच्या तुऱ्यावर, खालचे दात कपाळावर. मालक खालून हात जोडून हसत होते. आधी जो नमस्कार वाटत होता तो आता दयेची भीक वाटत होता. त्याच्याखाली ‘शिस्त आणि स्वच्छता’.

“हे असं द्यायचं नाही,” अम्मा म्हणाली. तिचे खांदे हलत होते. हसून हसून डोळ्यांत पाणी, पण आवाजात भीती. “हे दिलं तर तू गेलास चाकणला.”

“विचारतो,” मी म्हणालो.

‘फस्ती सुवर्ण महोत्सव’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यात सगळी कमिटी. मी टी-शर्टचा चांगला उजेडातला फोटो काढून टाकला आणि खाली स्पष्ट लिहिलं: ‘बावीस मापात शेळीचं तोंड मालकांच्या फेट्यावर येतंय. असंच छापू का? कृपया नीट बघून सांगा.’

ढवण सरांचे जोडलेले हात आले. उपाध्यक्ष बिराजदारांचा अंगठा आला. कुणीतरी ‘अप्रतिम’ लिहिलं. कुणीतरी त्याच्याखाली वाढदिवसाचा केक टाकला, दुसऱ्याच कुणाचा तरी वाढदिवस असेल. राजूमालकांनी स्वतःचाच स्टिकर पाठवला. फेट्यात, हात जोडून. खाली ‘आभारी आहे’.

मी परत फोन केला. ढवण सर वैतागले. “अरे येमूल, मालकांनी मंजूर केलंय ना? किती वेळा विचारतोस? काम कर की.”

मग मी काम केलं. अम्मा एकेक टी-शर्ट दोरीवर टाकत होती आणि त्याच्याकडं पाठ करून उभी राहत होती.

*

सोहळा सकाळी, शाळेच्या मैदानावर. मांडव, खुर्च्या, स्टेज. स्टेजच्या मागं एवढं मोठं बॅनर की त्यात राजूमालकांचा फेटा एका वर्गाएवढा. बाईंचा फोटो खाली, पासपोर्ट साइजचा. फस्ती कुठंच नव्हती. मी अम्माला घेऊन मागं उभा होतो. आधी पाचवी-सहावीची पोरं आली, मोठ्या मापाचे टी-शर्ट, सगळं व्यवस्थित. मला जरा हायसं वाटलं. मग ढवण सर माईकवर म्हणाले, “आणि आता आपली चिमुकली फस्ती सेना!”

बालवाडी आली. रांगेत, एकमेकांचे टी-शर्ट मागून धरून. सरळ स्टेजच्या समोर, पहिल्या ओळीत.

आधी आयांच्या खुर्च्यांमधून एक खुसखुस आली. मग एक पोरगी, दोन शेंड्या, तिनं स्वतःच्या पोटाकडं बघितलं, बोट लावलं आणि खणखणीत ओरडली, “बाई, शेळीनं मालकांना खाल्लं!”

शेजारच्यानं स्वतःच्या पोटाकडं बघितलं. “माझ्यापण!”

“माझ्यापण खाल्लं!”

सगळी रांग स्वतःची पोटं बघायला लागली. मग मांडव फुटला. मी माणसं हसताना खूप बघितलीत, पण एवढी माणसं एकदम, आणि प्रत्येकजण हसू दाबायचा प्रयत्न करतोय, असं कधी बघितलं नव्हतं. उपाध्यक्ष बिराजदार खोकल्याचं नाटक करत होते. शिपाई तोंड फिरवून झेंड्याच्या खांबाला टेकला होता.

राजूमालक उठून स्टेजच्या कडेला आले. वाकून बघितलं. पहिला, दुसरा, तिसरा. सगळीकडं तेच. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग फेट्याच्या रंगाचा. त्यांनी मला गर्दीत शोधलं आणि बोटानं बोलावलं. मी गेलो.

“काय करलालास बे हे?” लोकांना दाखवायला हसरा चेहरा करून, दातातल्या दातात म्हणाले. “सगळे हसलालेत माझ्यावर.”

“मालक, मी ग्रुपवर विचारलं होतं...”

“गप्प. तुझं टेबल उद्या भंगारात. ह्या गावात रुमालसुद्धा छापू देत नाही तुला. ढवण, पोरांचे कपडे उतरवा.”

“सगळ्यांचे?” ढवण सर म्हणाले. “मालक, पेपरवाले फोटो काढतायत. उघडी पोरं...”

“मग काय करायचं?”

मी अम्माकडं बघितलं. ती लांब उभी होती, पदराचं टोक पिळत. माझ्या मनात चाकणची बस सुटलीसुद्धा होती.

तेवढ्यात माईक खरखरला. होटकरबाई खुर्चीतून उठून माईकपाशी पोचल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांचं भाषण सगळ्यात शेवटी होतं, वेळ उरला तर.

“मुलींनो,” बाई म्हणाल्या.

आणि मी खरं सांगतो, साठी-पासष्टीच्या बायका खुर्चीत ताठ बसल्या. एकीनं मांडीवरची पर्स खाली ठेवली.

“एक पाटील होता. झाडाखाली फेटा काढून ठेवला आणि झोपला. फस्ती आली. तिनं काय केलं?”

“खाल्ला!” बालवाडी ओरडली. त्यांच्या पोटावरच छापलेलं होतं.

“पाटील उठला. म्हणाला, माझा फेटा कुठं गेला? फस्ती काय म्हणाली?”

पोरांना पुढची गोष्ट माहीत नव्हती. पण मागच्या खुर्च्यांमधून, मांडवाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, “वाऱ्यानं नेला असेल!”

त्यांच्यातल्या एकीनंही ते पुस्तक बघितलेलं नव्हतं. शिवणाच्या तासाला ऐकलेलं, एवढंच.

“ही फस्तीची पहिली गोष्ट,” बाई म्हणाल्या. “पन्नास वर्षं मी वाट बघितली. कितीतरी मोठी माणसं बघितली. पण स्वतःचा फेटा फस्तीच्या तोंडात देईल, पोरांना हसू देईल, एवढं मोठं मन मला कुणाचं दिसलं नाही. आज राजशेखरनं दिला.” त्यांनी राजूमालकांकडं हात केला. “उभा राहा राजशेखर. सगळ्यांना बघू दे.”

टाळ्या. नुसत्या टाळ्या नाहीत, शिट्ट्या. राजूमालक उभेच होते. त्यांना आता काय करावं कळेना. रागवावं तर मन लहान. आणि त्यांना तर स्वतःचं काहीच लहान चालत नव्हतं. त्यांनी हळूहळू हात जोडले. अगदी टी-शर्टावरच्या फोटोसारखे.

“आणि आता पोरांना गोष्ट वाचायलाही मिळू दे,” बाई म्हणाल्या. “प्रती आहेतच. तुझ्या वडलांच्या कपाटात. किल्ली नसेल तर कुलूप फोडता येतं. कसं?”

सगळा मांडव मालकांकडं बघत होता. पेपरवाल्यांनी कॅमेरे वर केले.

राजूमालकांनी माईक घेतला. घसा साफ केला.

“ही संकल्पना,” ते म्हणाले, “मूळ माझीच.”

ढवण सरांनी सगळ्यांत आधी टाळी वाजवली.

*

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. ‘फेटा फस्तीला अर्पण, अध्यक्षांचा आगळा आदर्श.’ मालकांचा फोन सकाळीच. मोठ्या मापातही तसाच पाहिजे. फेटा जरा आणखी आत घाल म्हणाले, तुरा दिसला नाही तरी चालेल. वर्षाचं काम माझ्याकडं. मी सत्यमला फोन केला. तो म्हणाला, “शेळीनं वाचवलं तुला.” अम्मानं टेबलाला हळद-कुंकू लावलं.

दुपारी उपाध्यक्ष बिराजदार स्वतः घरी आले. चहा नको म्हणाले, पाणी नको म्हणाले. दार लोटून घेतलं.

“येमूल, एक विचारायचंय. संस्थेत मी पण आहे ना? वीस वर्षं झाली. मग शेळीच्या तोंडात एकटा मालकच का?”

“तोंड एकच आहे ना साहेब.”

“चघळतेय तर दोन मावतात. बघ काहीतरी.”

मग नगरसेवक आले. मग नगरसेवकाच्या विरोधात उभा राहणारा आला, तो म्हणाला ह्याला नुसता चाटताना दाखव आणि मला पूर्ण गिळताना दाखव. एक पतसंस्थेचे चेअरमन म्हणाले, माझा फोटो पोटात. त्या वर्षी सोलापुरात ज्याला शेळीनं खाल्लं नाही त्याला कुणी विचारत नव्हतं. मी खाऊ घालत राहिलो. अजून घालतो.

कपाट फोडलं. आत गठ्ठेच्या गठ्ठे, सुतळी न सुटलेले. पोरांना वाटले.

त्याच आठवड्यात मी बाईंकडं गेलो, बावीस मापाचा एक टी-शर्ट घेऊन. बाई ताटलीत भाजलेल्या शेंगा घेऊन बसल्या होत्या. टी-शर्ट उलगडला, बघितला, हात फिरवला.

“छान बसलाय,” म्हणाल्या. “त्या पुस्तकातल्या पाटलाचा फेटा बघितलायस का नीट? मी काढला तेव्हा समोर नमुना मोठ्या मालकांचाच होता. त्यांनी तो ओळखला. म्हणून तर सगळ्या प्रती घेतल्या. आणि मला म्हणाले, बाई, तुम्ही शिवणच शिकवा.”

“मग तुम्ही?”

“शिकवलं. तीस वर्षं. लहान मापात मोठं काही मावत नाही, हे मुलींना शिकवण्यात गेली माझी तीस वर्षं.”

मला एकदम आठवलं. त्या पहिल्या दिवशी मांडीवर घेतलेला बावीसचा टी-शर्ट. एक वीत. शेजारी दुसरी वीत. मग ती सुंदर घडी.

“बाई,” मी म्हणालो. “तुम्हाला पहिल्याच दिवशी माहीत होतं ना? बावीसमध्ये फस्तीचं तोंड कुठं येणार ते?”

बाईंनी एक शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले. बराच वेळ चघळत राहिल्या.

“वाऱ्यानं सरकवलं असेल,” म्हणाल्या.